पहिल्या ट्रम्पेटचा दात

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कपाटाचं अडकलेलं दार जोरात ओढताना ते पहिल्या ट्रम्पेटवालीच्या तोंडावर आपटलं. वरचा पुढचा दात हलू लागला. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा दातांचा डॉक्टर. त्याने बारीक तारेने तो शेजारच्या दाताला बांधला.

"ताई, हळू फुंका. वाद्य ओठांवर दाबायचं मात्र नाही."

"न दाबता वरचा सूर लागतो का रे?"

"मग दात हातात येईल. बघा बुवा."

रचना नवी होती, पाच वाद्यांची: दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा. शेवट रचनाकाराने तिच्यासाठीच लिहिला होता. चौघांनी वाद्यांतून सूर न काढता नुसती हवा फुंकायची आणि त्या हवेवर तिने एकटीने वर चढून एक बारीक सूर धरायचा. या सुरापायी तिने अख्खा हिवाळा शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

दुसरा ट्रम्पेट म्हणजे तिचा नवरा. लग्नाआधीपासून त्याची खुर्ची दुसरीच, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

सकाळच्या तालमीत बाकीचं तिने निभावलं. शेवटच्या पानावर सूर चढवला आणि कळ थेट डोक्यात गेली. तिने वाद्य मांडीवर ठेवलं.

"सूरच नसेल तर शेवटाला अर्थ नाही," रचनाकार म्हणाला. "आज दुसरं काही वाजवा."

सगळे नवऱ्याकडे बघू लागले.

"माझा उतरतो," तो घाईने म्हणाला. "हिलाच विचारा. घरी सूर उतरला की माझ्या पायावर पाय देते. बूट घालून सराव करतो मी."

ट्यूबावाला हसला. ती हसली नाही. दाताभोवतीच्या तारेवरून तिने जीभ फिरवली. मग तिने आपलं शेवटचं पान काढून नवऱ्यापुढे ठेवलं आणि त्याचं स्वतःकडे घेतलं.

"घे. आणि मधे श्वास चोरू नकोस."

संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं होतं. शेवटी चौघांनी हवा सोडली, नवरा वर चढला. सूर लागला, पण मधेच खाली घसरू लागला. तिचे ओठ वाद्यावरच होते. थोडा दाब दिला असता तर सूर तिचा होता. तिने दाब दिला नाही. त्याच्या बुटावर टाच दिली, चांगली जोरात. सूर वर आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

"केवढ्या जोरात दिलास!" पडद्यामागे तो बूट काढत म्हणाला.

"उतरतही तेवढाच होता."

रचनाकार खुशीत आला. "झकास! पुढच्या वेळीही शेवट यांनाच देऊ या का?"

तिच्या ट्रम्पेटची पेटी उघडीच होती. तिचं शेवटचं पान नवऱ्याने केव्हाच आत टाकलं होतं.

"छे हो," तो पाय चोळत म्हणाला. "दात बरा झाला की तिचं तिला. मग मी देतो पाय."

"देशील. माझा उतरला तर," ती म्हणाली आणि पेटी बंद केली.