ओढायचा श्वास

आर्णीजवळच्या तांड्यात प्रेम रोज सकाळी याडीसमोर बसून तिचे श्वास मोजत असे. याडी म्हणजे त्याची आई, जमनी. डॉक्टरांनी दिलेली नळी तोंडात धरून तीस श्वास घ्यायचे आणि दर आठवड्याला आतल्या झडपेची स्प्रिंग थोडी घट्ट करायची, म्हणजे श्वासाचे स्नायू बळकट होतील. पाच आठवडे त्याने स्प्रिंग आवळली. याडीने एकदाही कुरकुर केली नाही. तरी चुलीपासून अंगणापर्यंत येताना ती आता दोनदा टेकत होती.

त्या सकाळी नळीला चिकटलेला कापसाचा तंतू त्याला दिसला. तो आत ओढला गेला नाही, बाहेर उडाला.

“याडी, तू फुकून राह्यली काय?”

“मंग? फुंकणी फुकाले तू शिकवतं काय मले? चाळीस साल चूल पेटवली म्या!”

“हे ओढाचं हाय, याडी. फुकाले जोरच नाही लागत.”

“मंग पह्यले सांगाचं ना, मास्तर!” ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली.

प्रेमने स्प्रिंग अगदी सैल केली. याडीने श्वास ओढला. मानेच्या शिरा ताठल्या, गळ्याखाली खड्डा पडला, पण नळीतली झडप उघडलीच नाही.

“बिघडली का रे हे?”

त्याने नळी स्वतःच्या तोंडाला लावून ओढली. टक्‌ करून झडप सहज उघडली. तो आवाज दोघांनीही ऐकला.

“हो,” तो म्हणाला, “बिघडली हाय.”