नखाने बसवलेली शिवण

दिवसभर शिलाई मशीनवर वाकून पाठीचा पार भुगा झालेला असायचा, तरी नणंद संध्याकाळी हात धुऊन वहिनीच्या गळ्याशी बसायची. वहिनीच्या गळ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. जखम भरली, पण व्रणाची आडवी रेघ ताठरून मान अडवून बसली. वहिनी शाळेची बस चालवायची. मान दोन्ही बाजूंना नीट वळल्याशिवाय डॉक्टर कामावर जायचा कागद देणार नव्हते, आणि शाळेने जागा या सोमवारपर्यंतच धरून ठेवली होती.

सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं मलम चोळायचं. नणंदेने एक दिवस चुकवला नाही. पण व्रण मऊ पडायचा सोडून लाल, जाड होत चालला. वहिनी आरशात बघून म्हणायची, "वन्सं, तुमच्या हाताला गुण नाही असं मी म्हणत नाही हं. नुसतं मनात येतं."

शुक्रवारी तपासणीला गेल्या, तेव्हा नर्सने कसं चोळता ते करून दाखवायला सांगितलं. नणंदेने अंगठ्याचं नख व्रणावर टेकवून सरकन ओढलं. नर्सने तिचं मनगटच धरलं.

"बाई, तुम्ही कपडे शिवता का?"

नणंदेने मान डोलावली. तीस वर्षं ती प्रत्येक शिवण अशीच नखाने दाबून चपटी बसवत आली होती. नर्सने शांतपणे समजावलं, की कातडीला नख सोसत नाही, ती चिडून आणखी जाड होते. बोटाचा गुबगुबीत भाग टेकवायचा, दाबायचं आणि खालच्या कातडीसकट हळू गोल फिरवायचं, फेरे मोजत. कागद मिळाला नाही. निदान दीड महिना अजून, म्हणाले डॉक्टर.

घरी आल्यावर वहिनीने शाळेला फोन करून जागा सोडली, आणि नेहमीच्या वेळी गळ्याचं बटण काढून खुर्चीत बसली.

नणंद दारातच उभी. "माझ्याने नको आता. कुणाला तरी पैसे देऊन बोलावू."

"नख कापून या," वहिनी डोळे मिटून म्हणाली. "नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नाही."

नणंदेने दोरे कापायच्या कात्रीने अंगठ्याचं नख मुळापर्यंत उतरवलं. उघडं पडलेलं बोट हुळहुळत होतं. तिने ते व्रणावर टेकवलं, दाबलं, आणि पहिल्यांदाच खालची कातडी केसभर हलली.

"दुखतंय?"

"नाही. मोजत राहा," वहिनी म्हणाली.