चिमणीकडचे निरोप

लेकाचा परदेशातला संसार बघायला आम्ही दोघं एवढ्या लांब आलो, आणि सुट्टीच्या दिवशी त्यानं आम्हाला जुना किल्ला दाखवायला नेलं. गाडीत पुढं तो आणि आमचे हे. मागं मी, सून आणि मधे नात, चिमणी.

“चिमणी, बाबांना सांग, काच वर कर.”

“चिमणी, आईला सांग, मला गरम होतंय.”

आधी मला वाटलं, पोरीशी खेळतायत. पण किल्ला येईपर्यंत हेच चाललं, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. नवराबायको हातभर अंतरावर बसून एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. आमचे हे खुशाल डुलक्या काढत होते. यांच्या नाकाखाली घर जळलं तरी यांना धूर दिसायचा नाही.

किल्ला म्हणजे पडक्या भिंती आणि महागडं तिकीट. “दगडच बघायचे तर आपल्या घरामागे काय कमी आहेत?” हे म्हणाले. कुणी हसलं नाही. सून उन्हात उभी होती, चेहरा पार उतरलेला. लेक मात्र भिंतीवरची पाटी वाचण्यात दंग. माझं डोकंच सटकलं. पोटचा असला म्हणून काय झालं, एक ठेवून द्यावीशी वाटली. पण एवढा घोडा झालेल्याला मारून काय होणार? मग मी माझी अक्कल चालवली. चिमणीला बाजूला घेतलं.

“आईला सांग, बाबा म्हणतायत, दमली असशील, सावलीत बस जरा.”

चिमणी पळाली. निरोप ऐकून सून चमकली. मग खरंच कमानीखाली जाऊन बसली, केस सारखे केले आणि लेकाकडे बघत राहिली. मला वाटलं, जमलं! लेकानं पाटी वाचून संपवली आणि तो सरळ पुढच्या दालनात निघून गेला.

थोड्या वेळानं सून उठून माझ्याजवळ आली.

“आई, तो निरोप तुमचा होता ना?”

“तुला कसं गं कळलं?”

“ऐकून बरं वाटलं मला. तेव्हाच कळायला हवं होतं.”

मी तिचा हात धरला. पोरीकडे बघून तरी भांडण मिटवा, असं म्हणणार होते, पण रडूच फुटलं. तिनंच मला पाणी दिलं.

“तुम्ही परत गेलात की मी चिमणीला घेऊन वेगळी होणार आहे, आई. मघाशी तिथं बसले तेव्हा वाटलं होतं, राहावं.”