टाकीचा मूळ रंग

शाळेच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुतो, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो आणि मुलांनी सांडलेलं पुसतो. सासऱ्यांच्या लेखी मात्र मी शास्त्रज्ञ. अर्थात त्यांचं काही अडलं असेल तेव्हाच. एरवी मी ‘आमच्या मुलीनं पसंत केलेला’.

त्या दिवशी अडलं होतं. त्यांची मोटरसायकल अकरा वर्षं जिन्याखाली उभी होती. आता जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मूळ रंग टिकवलेल्या गाडीला वेगळा चषक होता. अट एवढीच, की गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात आली पाहिजे. मेकॅनिकनं बाटलीतून पेट्रोल देऊन इंजिन चालू करून दाखवलं, मग टाकीत टॉर्च मारला आणि मान हलवली. आत नुसता गंज.

“कापून साफ करतो, परत वेल्डिंग मारतो, वरून नवा रंग,” तो म्हणाला. सासऱ्यांनी त्याला तिथल्या तिथे वाटेला लावलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

“हा रंग कंपनीतून निघालाय, जावईबापू. चाळीस वर्षांत कुणी बोट लावलेलं नाही. हिलासुद्धा कधी हँडल धरू दिलं नाही मी.”

‘हिला’ म्हणजे सासूबाईंना. त्या बाजूला वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टाकी खरोखर देखणी होती. गडद लाल, दोन्ही अंगांना केसासारखी बारीक सोनेरी रेघ. मी ती काढून जुन्या गादीवर ठेवली. जुना रंग चिकटपट्टीबरोबर उचलला जातो, म्हणून आधी अंगभर मेण चोळलं, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर टॉवेल. चिकटपट्टी लावली ती फक्त प्लास्टिकला. खालच्या भोकाला रबरी बूच बसवलं. मूठभर नट आणि साबणाचं पाणी आत टाकून टाकी तान्ह्या बाळासारखी मांडीवर डोलवली. गंजाचे पोपडे सुटले. मग कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून नरसाळ्यानं काठोकाठ भरलं आणि दीड दिवस तशीच ठेवली.

ह्या दीड दिवसात सासरे खुर्ची टाकून तिथेच बसले. दर तासाला विचारायचे, “रंग?”

“शाबूत.”

“आत?”

“बाबा, आत गंज सुटतोय.”

“आतलं राहू दे. रंग बघ.”

पाणी उपसलं तेव्हा ते शिळ्या चहासारखं काळं निघालं. उरलेलं आम्ल मारायला मी सोडा घातला, जरा हात सैल सोडून. टाकीच्या तोंडातून भसाभसा फेस आला आणि प्लास्टिकच्या कडेकडे निघाला. सासरे “अरे, अरे!” करत खुर्चीतच अडकले. सासूबाईंनी मात्र धावत येऊन स्पंजनं तो अलगद टिपून घेतला.

“पुसू नका, नुसतं टिपा,” त्या मला म्हणाल्या. “घासलं की रंगाची चकाकी जाते.”

त्यांना हे कुठून माहीत, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी केस वाळवायच्या यंत्रानं टाकी आतून सुकवत होतो. थोडं तेल आत फिरवून टॉर्च मारला, तर लोखंड ताटासारखं लखलखीत. प्लास्टिक काढलं. रंगावर एक चरा नाही. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडी झोकात मैदानात आली. परीक्षक तरुण बाई होत्या. त्यांनी खिशातून एक छोटं यंत्र काढून टाकीला ठिकठिकाणी टेकवलं.

“रंगाचा थर दुप्पट आहे, काका. उजवीकडे तर खाली पोचा बुजवायला लांबीही भरलीय. काम सुंदर आहे, पण कंपनीचं नाही.”

“तुमचं यंत्र बिघडलंय,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज आजूबाजूच्या चार गाड्यांपर्यंत गेला.

“यंत्र ठीक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मीच रंगवून घेतली.”

सासरे गर्रकन त्यांच्याकडे वळले.

“लग्नाला दोन वर्षं झाली होती. तुम्ही कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी होतात. किल्ली खुंटीला होती. पाच दिवस चालवली, सहाव्या दिवशी पडले. पाट्या रंगवणारा एक म्हातारा होता, त्यानं रात्रंदिवस खपून करून दिली. ती सोनेरी रेघ त्याचीच. आधी पिवळी होती आणि जाड.”

“पिवळी?”

“तुम्ही आल्या आल्या फडक्यानं पुसलीत आणि म्हणालात, बघ, कंपनीचं काम कसं असतं.”

परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारली आणि हसू लपवत पुढच्या गाडीकडे वळल्या.

घरी आल्यावर सासरे थेट जेवायला बसले. वाढलेलं मुकाट्यानं खाल्लं. माझ्या बायकोनं समजूत घालायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलं. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला. पण हात धुवून आल्यावर ते दारात उभे राहिले.

“कितव्या गिअरमध्ये होतीस?”

“तिसऱ्या.”

“वळणावर तिसऱ्या?”

“म्हणून तर पडले.”

“लागलं होतं?”

“कोपर. तुम्हाला सांगितलं, जिन्यावरून घसरले.”

ते आत गेले. मग कपाटातून मलम घेऊन आले, अडतीस वर्षं उशिरा, आणि ते कुठे लावायचं हे न सुचून टेबलावर ठेवून दिलं.

आता घरी कुणी आलं की सासरे त्याला जिन्याखाली नेतात. कंपनीचं नाव निघत नाही. रेघेवर बोट न टेकवता बोट फिरवतात आणि सांगतात, “आमच्या हिनं ही साठच्या वेगानं वळणावर घातली होती.” मी केलेली आतली सफाई अजून एकालाही दाखवलेली नाही, झाकण उघडलं की पेट्रोल उडतं म्हणे.

“पस्तीस!” सासूबाई आतून ओरडतात.