वरची फळी

आई हातात खोडरबर घेऊन गल्ल्यामागे बसली होती. तिच्या वाचनालयात फक्त रहस्यकथा, त्यामुळे हे काम रोजचंच. कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून पुस्तक परत करायचं आणि आईनं ते पुसायचं.

"आज कोण?" मी विचारलं.

"माळी. बिचारा अजून कामालाही लागला नव्हता," कागदावरची भुकटी फुंकत ती म्हणाली.

तेवढ्यात उतावळे काका आले. हे नाव आईनंच ठेवलेलं.

"बाई, नुसतं सांगा, बायको की भाऊ? डोळ्याला डोळा लागत नाही."

"झोप हवी असेल तर व्याकरणाचं पुस्तक न्या."

आईनं पुस्तकं लेखकांप्रमाणे लावली नव्हती. रहस्यकथा जशी वाढत गेली तशी लावली होती. खालच्या फळीवर सर्वांत जुन्या. त्यांत चिखलातला ठसा गुप्तहेराला दिसायचा, वाचकाला मात्र तो शेवटी ऐकवला जायचा. "नुसता भाव खातो मेला," आई म्हणायची. मधल्या फळीवर त्यानंतरच्या. सगळे धागेदोरे वाचकासमोर मांडायचे आणि तरीही त्याला चकवायचं. या फळीवर तिचा जीव. वरच्या फळीवरच्या कथांत खुनी सुरुवातीलाच कळतो, मग उरतं ते त्यानं असं का केलं एवढंच. तिकडे ती ढुंकूनही बघत नसे. "शेवट ठाऊक असल्यावर वाचायचं काय, कपाळ?"

मला तिचा शेवट ठाऊक होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय पार थकलंय, आता फार दिवस नाहीत. आईला मी त्यातलं अक्षरही बोलले नव्हते. तिच्याच हाताखाली वाढलेली मी. शेवट आधी फोडायचा नसतो, हे बाळकडू.

दुपारी ती स्टुलावर चढायला लागली. मी घाईनं स्टूल धरलं. वरच्या फळीवरचं एक पुस्तक घेऊन ती सावकाश उतरली.

"अगं, हे? तू?"

"बघू तरी. शेवट माहीत असला तरी माणसं वाचतात की."

"म्हातारपणी आवड बदलली म्हणायची."

"बदलली," ती म्हणाली आणि चष्मा पुसून वाचायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

वाचनालय पुन्हा उघडलं तेव्हा सर्वांत आधी उतावळे काकाच आले. 

"मागच्या खेपेला मी निघताना बाई हळूच म्हणाल्या होत्या, यापुढे मुलगी असेल, तिला छळू नका. मला वाटलं, कुठे प्रवासाला निघाल्यात."

खुनी कोण हे न विचारता काका एक पुस्तक घेऊन गेले.

म्हणजे तिला कळलं होतं. सगळं माझ्यासमोरच तर मांडलेलं होतं. ते पुस्तक, शेवट माहीत असण्याचं ते वाक्य. आणि मी दोन्ही हातांनी धरलेलं स्टूल तिलाही दिसलं असणार. मधल्या फळीवर पोसलेल्या मला त्यातलं काही उमगलं नाही. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट जपून ठेवत राहिलो, आणि बोलायची वेळ निघून गेली.

तिचं पुस्तक गल्ल्यावर तसंच होतं, मध्यावर खुणेला बसचं तिकीट. मी तिच्या खुर्चीत बसले. वाचनालयात कोणी नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मला फार भीती वाटत होती गं."