तीन गिलासांचा पहारा

आबेदाच्या गावात पत्ता विचारला की माणसं नाव सांगत नाहीत, नंबर सांगतात. भूकंपानंतर जुनं गाव सोडून सगळ्यांना किल्लारीच्या पलीकडच्या माळावर आणून बसवलं, तेव्हा सरकारनं घरांवर काळे आकडे टाकले. ते अजून गेले नाहीत. दुसरी एक गोष्टही गेली नाही. प्रत्येक घरात, देवाच्या फळीवर नाहीतर टीव्हीच्या शेजारी, स्टीलचे तीन गिलास एकावर एक ठेवलेले असतात: खाली पालथा, त्यावर उताणा, त्यावर परत पालथा. जमीन जराशी हलली की खणकन खाली. खणकन झालं की माणसं अंगणात. याला गावात ‘पहारा’ म्हणतात. नवीन सुनेला गॅस कसा पेटवायचा ते नंतर दाखवतात, पहारा कसा लावायचा ते आधी. बत्तीस वर्षांत त्या गिलासांनी कुणाचा जीव वाचवल्याचं ऐकलं नाही. मांजरांनी मात्र त्यांच्यापायी फार शिव्या खाल्ल्या.

अशा गावात आबेदाला बंदूक चालवायची जागा मागायची होती.

तशी ती बंदूक काही शिकारीची नव्हती. हवेवर चालणारी रायफल, तिच्यातून मसूरएवढा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. ती चालवायची आबेदाची पोरगी अलीझा. दोन वर्षांपूर्वी बारावीत नापास झाल्यावर ही पोरगी अंथरुणातून उठेनाशी झाली होती. केस विंचरायची नाही, कुणाशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जलील, म्हणजे आबेदाचा नवरा, लातूरला जीपच्या फेऱ्या मारतो. त्यानं तिला एक दिवस बळंच जीपमध्ये घातलं, डॉक्टरकडे न्यायला. डॉक्टर यायला उशीर होता म्हणून शेजारच्या कॉलेजच्या हॉलमध्ये पोरं काय करतात ते बघायला ती आत गेली, ती तीन तास बाहेर आलीच नाही. त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वतःहून भाकर मागितली. रायफल जिल्हा नेमबाजी संघटनेची होती, पण आबेदाच्या लेखी ती औषधाची बाटली होती.

आणि आता लातूरचा तो हॉल बंद झाला. संघटनेचं पत्र आलं: तुमच्या गावचं सभागृह मापात बसतं, आत नेमबाजीची रेंज आम्ही उभारून देतो, दिवे, टार्गेटची यंत्रं, सगळं. फक्त ग्रामसभेचा ठराव आणि लगतच्या घराची ना-हरकत पंधरा तारखेपर्यंत द्या. नाही जमलं तर रेंज शिरूर अनंतपाळला जाईल, आणि रायफलही.

सभागृह रिकामंच होतं. बांधल्यापासून रिकामं. वरती सिमेंटचा स्लॅब, आणि स्लॅबखाली या गावात पंगत बसत नाही. लग्नं समोरच्या मैदानात मांडव घालून होतात, वऱ्हाडाच्या चपला तेवढ्या सभागृहात ठेवतात.

लगतचं घर एकच, दोनशे बारा. महादेवप्पांचं.

ग्रामसभेत सरपंच मंजुश्रीताईंनी पत्र वाचलं आणि गलका झाला. आवाज होईल. हादरे बसतील. निजलेली जमीन कशाला उठवायची. महादेवप्पा मागं उभे होते. त्यांची बायको आणि दोन पोरं जुन्या घराच्या मातीखाली गेली, त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस एक रात्र छपराखाली निजला नव्हता. अंगणातल्या पत्र्याच्या आडोशाला बाज, पावसात वर ताडपत्री.

“माझं काय म्हणणं न्हाई,” शेवटी ते बोलले. “साठ गोळ्या असत्यात न्हवं त्या खेळात? पोरीनं साठ मारू द्या. माझ्या घरातला पहारा पडला न्हाई तर सही करतो.”

लोकांना हा न्याय एकदम पटला. आबेदाला मात्र नाही. सभागृहासमोरच्या लिंबाखाली बसून ती रोज ब्लाउजांची हातशिलाई करायची, तिला ठाऊक होतं, अप्पांचा पहारा दिवसातून चारदा पडतो. कारखान्याकडे उसाची ट्रॉली गेली तरी पडतो. म्हातारा पळत बाहेर येतो, धापा टाकतो, परत आत जाऊन लावतो.

चाचणीच्या सकाळी ती अप्पांकडे चपात्या घेऊन गेली.

“बरं झालं आलीस,” अप्पा म्हणाले. “माझा हात कापतोय बघ. तूच लाव पहारा. माझ्या हातचा लावलेला लगीच पडतो, उगं तुझ्या पोरीवर आळ.”

त्यांनी असं म्हणायला नको होतं. पदराच्या गाठीत आबेदानं कणकेचा ओला गोळा आणला होता आणि वाटेभर अल्लाची माफी मागत आली होती. अप्पा चपाती मोडून आमटीत कुस्करत असताना तिनं पाठ करून फळीवर तीन गिलास लावले, दोन्ही सांध्यांत बोटभर कणीक फिरवून.

अलीझानं साठ छर्रे मारले. टप्. टप्. टप्. बाहेर जमलेल्या लोकांना वाटलं, अजून सुरूच झालं नाही. सरपंच दोनदा घरात डोकावून आल्या, गिलास जागच्या जागी. अप्पांनी सही केली. अलीझा घरी येऊन हसत जेवली आणि म्हणाली, “अम्मी, तू का न्हाई खायलीस?”

“उपास हाय.”

“कशाचा?”

“तुझ्या कटकटीचा. जेव गप.”

पुढचे आठ दिवस आबेदानं स्वतःला समजावलं की कणीक आहे, उंदीर खाईल, आपोआप सुटेल. नवव्या दिवशी अप्पा रस्त्यात भेटले. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा.

“आबेदा, बाज आत घेतली गं.”

“कुठं आत?”

“घरात. आठ दिस झाले, पहारा एकदा पडला न्हाई. इतक्या ट्रॉल्या गेल्या, हलला बी न्हाई. जमीन निवली बघ आता. लई वर्षांनी पंख्याखाली निजलो.” आणि हा म्हातारा, ज्याला गावात कुणी हसताना बघितलं नव्हतं, तो हसला. “तुझ्या पोरीमुळं कळलं म्हणायचं.”

आबेदा घरी आली आणि शिलाईवर बसली. सुई तीनदा बोटात गेली. खरंच जमीन हलली तर? ते गिलास हूं की चूं करणार नाहीत आणि हा माणूस पंख्याखाली झोपलेला असेल. आणि सांगितलं तर? ठराव फाटेल, रायफल जाईल, आणि पोरगी परत भिंतीकडे तोंड करील. दोन माणसं, आणि दोघांच्या मध्ये तिनं थापलेली कणीक. हळूच जाऊन सोडवावी, कुणाला कळणार, असं म्हणत ती दुपारी दोनशे बाराला गेली. अप्पा दार उघडं टाकून बाजेवर पडले होते, डोळे मिटलेले.

तिनं वरचा गिलास धरला आणि अलगद उचलला.

तिन्ही गिलास एकदम वर आले. वाळलेली कणीक दगड झाली होती. हातात ती कांब घेऊन ती उभी राहिली, आणि मागून आवाज आला:

“काय करायलीस?”

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. पण अप्पांनी उठून तिच्या हातातले गिलास घेतले, सांध्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला. मग ती सगळं बोलली. पोरीचं अंथरूण, पत्र, पंधरा तारीख, पदराची गाठ. रडली नाही, रडायची सोयच नव्हती.

अप्पा गिलास घेऊन बाजेवर बसले.

“आठ दिस,” एवढंच म्हणाले. मग, “तुला ठाव न्हाई आबेदा. कुणालाच ठाव न्हाई. त्या दिवशी मी जागा होतो. आधी भांडी वाजली, आन् मी पळालो. एकटाच. पोरगं माझ्या हातावर निजलं होतं, त्याचं डोकं बाजूला सारून पळालो. अंगणात उभा राहून बघितलं घर बसताना.”

अप्पांनी उठून गिलास फळीवर ठेवले.

“मी सरपंचाला कणकेचं सांगत न्हाई. पण चाचणी परत व्हायची. उद्या. गिलास मी लावणार, तिथं, सभागृहात. चोरी न्हाई.”

“अप्पा, ते पडणार.”

“मग पडतील.”

अलीझाला तिनं एवढंच सांगितलं की अप्पांना परत बघायचंय. पोरगी समजायचं ते समजली. म्हणाली, “तू काय केलंस अम्मी?” आणि उत्तराची वाट न बघता रायफल पुसत बसली.

तारीख होती चौदा. सभागृहात चौघंच: अलीझा, आबेदा, मंजुश्रीताई आणि महादेवप्पा. बाकी गाव दाराबाहेर, स्लॅबच्या सावलीतसुद्धा कुणी आलं नाही. अप्पांनी खिडकीच्या कट्ट्यावर तीन गिलास लावले. एकदा पडले, परत लावले. मग खुर्ची दाराशी ओढून बसले. अलीझानं कानात आवाज अडवायची बोंडं घातली, आणि तिच्यापुरतं गाव संपलं.

टप्.

आबेदा मोजत होती. दहा. वीस. वरचा गिलास तिला हलल्यासारखा वाटायचा, मग वाटायचं आपलेच डोळे हलतात. चाळीस. अप्पांच्या गुडघ्यांवर दोन्ही हात घट्ट. पन्नास. एकावन्न झाली आणि बाहेर कारखान्याच्या रस्त्यानं जोड-ट्रॉली धडधडत आली.

खणकन.

आबेदाला नंतरही आठवेना की ती कशी उठली. पाय आपोआप निघाले. मंजुश्रीताई, अप्पा, ती, आणि दाराबाहेरचं गाव, सगळे एका दमात मैदानात. कुणी कुणाचा हात धरला नाही, कुणी मागं बघितलं नाही. लिंबाखाली पोचून सगळे थांबले, नेहमीसारखे धापा टाकत, नेहमीसारखे एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

आणि आतून आलं: टप्.

आबेदा दाराकडे वळली. पोरगी आत होती. बोंडांतून तिला काही ऐकू आलं नव्हतं. जिच्यासाठी तिनं म्हाताऱ्याची झोप चोरली, तिला स्लॅबखाली टाकून ती पळत आली होती. तिनं पाय उचलायला बघितला. पाय उचलेना.

“अप्पा, गिलास पडले,” कुणीतरी म्हणालं.

“ट्रॉलीनं पडले,” महादेवप्पा म्हणाले. “मला कान हाइत. सही तशीच हाय.” ते दाराकडे बघत होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मग ते चालायला लागले, म्हातारा खड्ड्यात उतरतो तसे, एकेक पाऊल चाचपत, आणि स्लॅबखाली गेले.

आत अलीझानं चाहूल लागून कानातलं बोंड काढलं. मागं रिकाम्या खुर्च्या आणि अप्पा.

“सगळे कुठं गेले?”

“हाइत बाहेर.” अप्पांनी वर एकदा बघितलं आणि तिच्या मागं, हातभर अंतरावर, उभे राहिले. “किती राहिल्या?”

“आठ.”

“मार. मी हाय हितं.”

लिंबाखाली ऐकू येत होतं. टप्. टप्. आबेदा परत मोजायला लागली, आता उलटी. चार राहिल्या तेव्हा तिचा पाय निघाला. दोन राहिल्या तेव्हा तिनं उंबऱ्याला हात लावला. शेवटच्या गोळीला ती आत होती.