दात येताना

कुसुमबाईंचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं न पडलं तोच सुकेशनीच्या कडेवरून प्रज्ञानं त्यांच्याकडं झेप घेतली. सुकेशनीनं कमरेला आवळून धरलं होतं म्हणून बरं, नाहीतर लेकरू खालीच आलं असतं.

"अगं माय, हळू गं," म्हणत कुसुमबाईंनी तिला उचलून घेतलं. जिंतूरच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून चाललेलं रडणं एकदम थांबलं. सुकेशनी रिकाम्या हातांनी तिथंच उभी राहिली.

प्रज्ञाची आई साक्षी ही कुसुमबाईंची एकुलती एक लेक. बाळंतपणातच गेली. पिंगळीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कुसुमबाईंनी मग नातीला वाढवलं. वाटी-चमच्यानं दूध पाजून, मांडीवर निजवून. जावई सिद्धोधन सुटी मिळाली की येऊन भेटायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं सुकेशनीशी दुसरं लग्न केलं आणि लेकीला जिंतूरला आणलं. त्यात वावगं काही नव्हतं. बापाघरी लेकरू असावं, हे कुसुमबाईंनीच बोलून दाखवलं होतं.

पण काल त्याचा फोन आला. "मामी, लेकरू काहीच खाईना बघा. दात यायलेत, दिसभर रडायलीय. सुकेशनीकडं राहीना. एकदा येऊन जा. न्हाईच जमलं तर... घेऊन जा तुमी तिला."

हे शेवटचं वाक्य मनात घोळवतच कुसुमबाई एसटीनं आल्या होत्या. पिशवीत नाचणीचं पीठ होतं, पिकली केळी होती आणि तळाशी लेकराला गुंडाळून न्यायला दुपटं होतं.

सिद्धोधन गॅरेजवर कामाला गेला होता. सुकेशनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पेज केली, वरण-भात कालवला. दुकानातली बिस्किटं आणली," ती म्हणाली. "तोंडात घेती अन् थुंकून देती. मला पाह्यलं की रडती, मावशी."

"हिरड्या शिवशिवायल्यात तिच्या. मऊ देऊन कसं भागंल? चावायला कडक पाह्यजे काहीतरी. जाड बुडाची कढई हाय का?"

कढई होती. कुसुमबाई प्रज्ञाला मांडीवर घेऊनच खाली बसल्या. परातीत नाचणीचं पीठ घेतलं, त्यात मूठभर कणीक, वर केळं कुस्करलं. लेकरू परातीत हात घालायचं, त्या हात धरून हसायच्या, लेकरूही हसायचं. सुकेशनी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिची नजर मधूनच त्या पिशवीकडं जात होती. दुपट्याचं टोक बाहेर आलं होतं.

"तुमी नेनार ना तिला?" तिनं हळूच विचारलं.

कुसुमबाईंचा हात थांबला. "लेकराला सुख लागलं पाह्यजे, बाई."

"ते बी खरंच हाय," सुकेशनी म्हणाली. "मूल व्हईना म्हणून पयल्या घरानं मला माहेरी आणून सोडलं. हितं आले तवा वाटलं, आपल्याला बी कुनीतरी आई म्हनंल. पर जबरदस्ती कशी करावी? तिचा जीव तुमच्यावर हाय."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. ती आत गेली, दोरीवरची झबली काढून, नीट घड्या घालून घेऊन आली आणि पिशवीपाशी ठेवली. सगळ्यात वरचं झबलं कुसुमबाईंनीच पाठवलेलं होतं, लाल गुंड्यांचं. गुंड्या जागेवर नव्हत्या. तिथं मऊ कापडाच्या बारीक नाड्या शिवल्या होत्या. कुसुमबाईंनी दुसरं झबलं उलगडलं. त्यालाही तसंच.

"गुंड्या कुठं गेल्या?"

"सारखं तोंडात घालायली व्हती. एखांदी तुटून घशात गेली तर, म्हणून काढून टाकल्या." सुकेशनी ओशाळली. "इचारायचं राह्यलं तुमाला."

कुसुमबाई त्या नाड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. टाके बारीक होते, आतून गाठी दुमडलेल्या, कुठं टोचू नये अशा. साक्षीला सुई कधी धड धरता आली नाही, हे उगीचच त्यांना आठवलं.

"ये, हितं बस," त्या म्हणाल्या. "पीठ तू मळ."

"मी?"

"मग काय, दर वक्ताला मी पिंगळीहून येऊ का?"

सुकेशनी बसली. पीठ घट्ट मळलं. साखर घालू का म्हणाली, तर कुसुमबाई म्हणाल्या, साखर न्हाई, मीठ न्हाई, केळ्याची गोडी बास. लेकराच्या मुठीत मावून वर टोक राहील अशा लांबट कांड्या वळल्या. कढईत मिठाचा थर तापवून, वर ताटली ठेवून, झाकून मंद आचेवर भाजायला घातल्या. घरभर खमंग वास सुटला. तव्यावर पुन्हा फिरवून त्या चांगल्या टणक केल्या आणि गार व्हायला ठेवल्या.

"खाताना तिच्यापासून उठायचं न्हाई. तुकडा मोडला की काढून घ्यायचा," असं सांगत कुसुमबाईंनी प्रज्ञाला सुकेशनीच्या मांडीवर दिलं आणि मागं न बघता परसात गेल्या.

लेकरानं टाहो फोडला. कुसुमबाई न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आवाज चढत गेला. त्यांचा एक पाय दाराकडं वळला. त्यांनी तो माघारी घेतला. आत सुकेशनी काहीबाही बोलत होती, चिऊ-काऊची नावं घेत होती. काही उपयोग होत नव्हता. मग कडाकड आवाज आला. सुकेशनीनं स्वतःच एक कांडी दाताखाली फोडली होती.

रडणं अडखळलं. पुन्हा एकदा कडाकड. प्रज्ञा हुंदक्यातच हसली.

बऱ्याच वेळानं कुसुमबाईंनी दाराआडून पाहिलं. लेकरू मुठीतली कांडी हिरड्यांनी कुरतडत सुकेशनीच्या छातीला टेकलं होतं. तपकिरी लाळ तिच्या पदरावर उतरत होती आणि ती जराही हलत नव्हती. कुसुमबाई दिसताच ती उठायला लागली. त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं, पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊन बाहेर पडल्या.

परभणीच्या गाडीत बसल्यावर सिद्धोधनचा फोन आला. "मामी, निघालाव का? प्रज्ञाला घेतलं का?"

"न्हाई. खायलीय ती. तिच्या आईपाशी हाय," त्या म्हणाल्या.

बोरीला गाडी गच्च भरली. शेजारी उभ्या राहिलेल्या एका बाईनं आपलं कपड्याचं बोचकं विचारून त्यांच्या मांडीवर ठेवलं. गाडी खड्ड्यांतून हिंदकळत निघाली. थोड्या वेळानं ती बाई वाकून म्हणाली, "जड व्हायलं का, मावशी? आना, घेते मी."

बोचक्यावर थोपटणारा आपला हात कुसुमबाईंना तेव्हा दिसला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "असू दे की थोडा येळ."